कोंबडीचे म्हातारपण

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना फेब्रुवारी महिना अजूनही खुपतो. जानेवारी २००६ च्या अखेरीपासून तिथल्या शेडमध्ये मर लागली होती आणि राणीखेतचीच साथ असेल, असे व्यवसायातले जाणते लोक सांगत होते. गावच्या भाषेत मानमोडी. १८ फेब्रुवारीला भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला आणि एच५एन१ विषाणूच्या बर्ड फ्लूची भारतातली पहिली अधिकृत नोंद नवापूरच्या नावावर लागली. पुढच्या दिवसांत लाखो कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या. आधी शेडमधल्या, मग आसपासच्या घरांतल्या गावठी. साथ सीमेपलीकडे गुजरातमधल्या उच्छलला पोचली, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात निघाली. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, नवापुरात हेच सगळे पुन्हा घडले.

दुसऱ्या खेपेला भरपाईचे दर ठरलेले होते. आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये, सहा आठवड्यांवरच्या मांसल कोंबडीला ७०, पिल्लाला २०. यात वावगे काही नाही. नुकसान मालकाचे झाले, भरपाई त्याला मिळाली. पण त्या तक्त्यात कोंबडीचे वय आठवड्यांत मोजलेले आहे आणि ते फार पुढे जात नाही. कोंबडी पाच-सात वर्षे, क्वचित त्याहून जास्त जगू शकते, ही गोष्ट जिल्ह्यातल्या कोणत्याच हिशेबात येत नाही, कारण तशी वेळच येत नाही.

ती वेळ यावी, निदान काही कोंबड्यांच्या वाट्याला यावी, म्हणून काम करणारी चळवळ जगात गेली चाळीस वर्षे चालू आहे. पिंजऱ्यातून, कसायाच्या गाडीतून, बंद पडलेल्या शेडमधून सोडवलेल्या कोंबड्यांना आणि इतर पक्ष्यांना मरेपर्यंत सांभाळायचे, त्यांच्याकडून काही घ्यायचे नाही, अशी ती कल्पना. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे एका टोकाला नवापूरचे अंड्याच्या कोंबड्यांचे मोठे फार्म आहेत आणि दुसऱ्या टोकाला धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर घरटी चार कोंबड्या आहेत, तिथे ही कल्पना ठेवून पाहिली की तिचे सगळे कोपरे टोचू लागतात. त्या वादात आज कोण कुठे उभे आहे, याचा हा आढावा.

आधीचे प्रयत्न

आधुनिक चळवळीची सुरुवात बहुधा १९८६ पासून धरतात. अमेरिकेत जीन बाउर आणि सहकाऱ्यांनी ‘फार्म सँक्च्युअरी’ सुरू केली ती त्या साली. केवळ कोंबड्या-बदकांसाठी काम करणारी ‘युनायटेड पोल्ट्री कन्सर्न्स’ ही संस्था कॅरन डेव्हिस यांनी १९९० मध्ये काढली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तोवर ‘कोंबडी म्हणजे कळप नव्हे, एकेक जीव’ ही मांडणी त्यांनी लावून धरली होती. इंग्लंडमध्ये २००५ साली जेन हॉवर्थ यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या ‘ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट’ने आश्रम बांधण्याऐवजी शेतकऱ्यांशी बोलणी केली, अंडी कमी झालेल्या कोंबड्या कत्तलखान्याला जायच्या आधी उचलल्या आणि परसबाग असलेल्या कुटुंबांत तीन-तीन, चार-चार वाटल्या. आतापर्यंत दहा लाखांहून जास्त कोंबड्यांना अशी घरे मिळाली आहेत.

हे सगळे परदेशी फॅड आहे, असे आपल्याकडे चटकन म्हटले जाते. तसे म्हणणाऱ्यांनी पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाची नोंद वाचावी. १६२३ मध्ये त्याने खंभातला पक्ष्यांचे इस्पितळ पाहिले. तिथे कोंबडे, कोंबड्या, कबुतरे, मोर, लंगडे आणि आजारी पक्षी लोकांच्या दानावर सांभाळले जात. बरा झालेला रानपक्षी सोडून देत आणि पाळीव पक्षी एखाद्या धर्मशील माणसाच्या हवाली करत, तो घरी सांभाळी. चारशे वर्षांपूर्वीची ही वाटणी आजच्या कायद्याच्या वाटणीशी इतकी जुळते की थक्क व्हायला होते. खंभातला काय, सुरतेला काय, जनावरांच्या अशा इस्पितळांबद्दल त्या काळच्या युरोपीय प्रवाशांनी नवलाने लिहिले आहे, आणि सुरत-बुऱ्हाणपूर रस्ता तेव्हा नवापूर-नंदुरबारवरूनच जात असे.

मुंबईचे पांजरपोळ १८३४ चे. रस्त्यावरची कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ मध्ये शहरात दंगल झाली, त्यानंतर जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांनी ते उभे केले. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारातले जैन धर्मार्थ पक्षी रुग्णालय १९२९ पासून चालू आहे. पांजरपोळांत गुरांच्या जोडीला पक्ष्यांना जागा देण्याची रीत जुनी आहे. मात्र हा दानधर्म कालांतराने गाईभोवतीच जास्त गोळा झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतल्या देशी गाईमागे रोज ५० रुपये अनुदान द्यायचे ठरवले. कोंबडीचा विचार अशा यादीत कोणी केलेला नाही, आणि ती मागणीही कोणी जोरात केलेली दिसत नाही.

आधी ठरवावे लागते: कोंबडी कोणती?

या वादात सर्वाधिक गोंधळ इथे होतो. ‘कोंबड्या वाचवा’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक पक्षी असतो, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरा.

नवापूरच्या शेडमधली अंड्याची कोंबडी, म्हणजे लेअर, अठरा-वीस आठवड्यांची झाली की अंडी घालू लागते आणि वर्षाला तीनशेच्या पुढे घालते. जिच्यापासून सगळ्या पाळीव कोंबड्या आल्या ती तांबडी रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, हे शेजारी ठेवून पाहावे. पिंजऱ्यात एका पक्ष्याच्या वाट्याला सर्वसाधारणपणे साडेचारशे चौरस सेंटिमीटर जागा येते. ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. बहात्तर-ऐंशी आठवडे, हल्ली थोडे जास्त, असे काढले की उत्पादन घसरते, खाद्याचा खर्च निघत नाही आणि सगळी शेड एका दमात रिकामी होते. उतरवलेला माल किलोच्या भावाने जातो.

अशी कोंबडी जवळून पाहिली तर तिच्या अंगावर सगळा इतिहास दिसतो. चोचीचे टोक लहानपणीच कापलेले. तुरा फिकट आणि एका बाजूला लोंबलेला. मानेवरची पिसे जाळीला घासून गेलेली. नखे वाढून वळलेली, कारण उकरायला माती कधी मिळालीच नाही. छातीचे हाड हाताला वाकडे लागते, कवचासाठी कॅल्शियम देऊन देऊन ते ठिसूळ झालेले असते आणि कित्येकदा मोडून वेडेवाकडे सांधलेले असते. मोकळे सोडले तर पहिल्या दिवशी ती जागची हलत नाही. दांडीवर कसे बसायचे ते तिला ठाऊक नसते. पण आठवडाभरात कोरड्या मातीत खळगा करून ती अंग घुसळू लागते, पंखांत धूळ भरून घेते आणि झटकते. हे तिला कोणी शिकवलेले नसते.

इथवरची गोष्ट चळवळीच्या पत्रकांत असते. पुढची कमी असते. पिंजरा सुटला तरी अंडी थांबत नाहीत. बीजाशयाचे काम चालूच राहते, कधी बलक नळीत न जाता पोटात उतरतो, पोट फुगून पाणावते आणि सडते. बीजाशयाच्या गाठीही सर्रास होतात. सोडवलेल्या लेअरपैकी अनेक जणी वर्ष-दोन वर्षांत याच कारणाने जातात. परदेशात काही पशुवैद्य अंडी थांबवण्यासाठी डेस्लोरेलिन या संप्रेरकाची गोळी कातडीखाली बसवतात. ती महाग पडते आणि काही महिन्यांनी पुन्हा बसवावी लागते.

ब्रॉयलरची, म्हणजे मांसल कोंबडीची, अडचण निराळी. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत दोन-सव्वादोन किलो व्हावे म्हणूनच त्याची पैदास केलेली. त्या वयापुढे जगवायचे तर खाद्य मोजून द्यावे लागते, नाहीतर पाय वाकतात आणि हृदय दगा देते. मोजून द्यावे तर तो पक्षी सतत भुकेला राहतो, कारण त्याची भूकही पैदाशीतूनच वाढवलेली आहे. जगवण्यासाठी उपाशी ठेवायचे की पोटभर खाऊ घालून लवकर गमवायचे? आश्रयस्थाने चालवणारेही याचे एकमुखी उत्तर देत नाहीत.

तिसरा पक्षी आठवडी बाजारात भेटतो: गुलाबी, हिरवी, निळी रंगवलेली पिल्ले. ती बहुतेक लेअर जातीचे नर असतात. ना अंडी, ना मांस, म्हणून हॅचरीला नकोसे. जगभर अशी पिल्ले पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे त्यांतली काही रंगवून पोरांना विकली जातात आणि बहुतेक चार दिवसांत मरतात. जी जगतात त्यांचे कोंबडे होतात. दहा कोंबड्यांत एक कोंबडा खपतो, दहा कोंबडे एकत्र ठेवले तर रक्त निघते. त्यामुळे आश्रयस्थान कोणतेही असो, सगळ्यात आधी ‘जागा नाही’ हे उत्तर या नरांच्या वाट्याला येते.

आणि चौथी, पाड्यावरची गावठी. ती झाडावर चढून झोपते, वर्षाला पन्नास-साठ अंडी घालते, खुडूक बसून पिल्ले काढते आणि मुंगसाशी स्वतः झुंजते. तिला सुटकेची गरज नाही. तिला पाहिजे ती मानमोडीची लस आणि रात्री दार लागणारे खुराडे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी घरांत ही कोंबडी म्हणजे अडीनडीचा पैसा, पाहुण्याचे जेवण आणि देवाचा मान. देवमोगऱ्याच्या यात्रेला जाणारी माणसे कोंबडी घेऊन निघतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा ते ४५ टक्क्यांहून जास्त वाढलेले होते.

माझ्या मते नंदुरबारातली चर्चा व्हायची असेल तर ती पहिल्या आणि तिसऱ्या पक्ष्याबद्दल व्हावी. चौथ्याला तिच्यात ओढले की ती लगेच भलत्या वळणाला जाते.

कायदा काय म्हणतो

१९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा कोंबडीलाही लागू आहे. ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याची काळजी घ्यावी, हे कलम ३ सांगते. खाण्यासाठी मारणे हा गुन्हा नाही, आणि एखाद्या समाजाच्या धर्मरीतीप्रमाणे केलेल्या वधाला कलम २८ ने बाजूला ठेवले आहे. म्हणून यात्रेतल्या कोंबडीचा प्रश्न या कायद्याच्या कक्षेत फारसा येत नाही. २००१ पासून वाहतुकीच्या नियमांत कुक्कुट पक्ष्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. कोंबड्यांच्या झुंजी बेकायदा आहेत.

कोंबडी कायद्याच्या वाटेने आश्रयस्थानात पोचण्याचा मुख्य मार्ग जप्तीचा. झुंजीतले कोंबडे किंवा कोंबून भरलेली गाडी पोलिसांनी धरली, तर दंडाधिकारी कलम ३५ खाली ते पक्षी पांजरपोळाकडे किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे सोपवू शकतात. खटला चालू असताना खर्च मालकाने द्यावा, याची पद्धत २०१७ च्या नियमांनी घालून दिली. कागदावर हे नीट आहे. व्यवहारात पक्षी सोपवायला जवळ संस्था असावी लागते.

पिंजऱ्यांबाबतची चर्चा वेगळ्या अंगाने पुढे गेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूच्या खटल्यात प्राण्यांच्या ‘पाच स्वातंत्र्यां’चा आधार घेतला. जुलै २०१७ मध्ये विधी आयोगाने आपला २६९ वा अहवाल अंड्याच्या आणि मांसल कोंबड्यांच्या निवाऱ्यावर आणि वाहतुकीवर दिला. देशाच्या विधी आयोगाने कोंबडीवर स्वतंत्र अहवाल लिहावा, ही गोष्ट पुरेशी चर्चिली गेली नाही. त्यानंतर २०१९ मध्ये केंद्राने काढलेल्या मसुद्यात पक्ष्यामागे किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा सुचवली होती. युरोपीय संघाने साधे बॅटरी पिंजरे २०१२ पासून बंद केले आहेत.

या सगळ्यात वाढलेल्या वयाबद्दल एक अक्षर नाही. कोंबडी जगत असताना कशी ठेवावी, हे कायदा बोलतो. किती काळ ठेवावी, हा विषय तो मालकावर सोडतो.

चार बाजू

आश्रयस्थानाच्या बाजूचे लोक दोन कारणे देतात. पहिले साधे: समोरचा जीव वाचवता येत असेल तर वाचवावा, बाकीचे कोट्यवधी वाचत नाहीत म्हणून हा मरू द्यावा असे होत नाही. दुसरे कारण शिक्षणाचे. शाळेतल्या पोराने तीन वर्षांची कोंबडी पाहिली, ती हाकेला येते हे पाहिले, की त्याची समज बदलते. जैन जीवदयेची परंपरा पहिले कारण पुरेसे मानते. नव्या पिढीतल्या वीगन कार्यकर्त्यांचा भर दुसऱ्यावर असतो. दोघांचे पटतेच असे नाही. जीवदयेच्या मंडळींना दूध चालते, वीगनांना चालत नाही. आश्रयस्थानातली अंडी विकायला दोघेही तयार नसतात. ती उकडून, कवचासकट कुस्करून कोंबड्यांनाच घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.

दुसरी बाजू प्राणीहिताचीच, पण हिशेबी. शंभर कोंबड्या पाच वर्षे सांभाळायला लागणारा पैसा पिंजऱ्याचे नियम बदलण्याच्या कामाला लावला तर लाखो कोंबड्यांना हातभर जागा मिळेल, असा तिचा युक्तिवाद. विकत घेऊन सोडवण्याला तर तिचा सरळ विरोध आहे. कसायाकडून किंवा फार्मवरून पैसे देऊन कोंबडी घेतली की त्याच पैशांतून पुढची खेप भरली जाते. या आक्षेपाला आश्रयस्थानवाले उत्तर देतात ते असे, की आम्ही दिलेली रक्कम बाजाराच्या मानाने नगण्य आहे. ते खरे आहे. पण मग परिणामही तितकाच नगण्य, असे समोरून येते आणि वाद पुन्हा पहिल्या जागी येतो.

तिसरी बाजू पोल्ट्रीवाल्यांची. ती ऐकून घेण्यासारखी आहे, कारण दोनदा सगळे गमावून त्यांतल्या अनेकांनी पुन्हा उभारणी केली आहे. त्यांना आश्रयस्थानाची भीती तत्त्वासाठी वाटत नाही. वेगवेगळ्या फार्मांवरून, वेगवेगळ्या वयाचे, लसीकरणाची नोंद नसलेले पक्षी एकत्र आणून वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे शेजारी रोगाचे कोठार करणे, असे त्यांचे म्हणणे. शेडमध्ये सगळे पक्षी एकदम भरून एकदम काढतात, मध्ये शेड धुऊन मोकळी ठेवतात, ते रोगाची साखळी तोडण्यासाठीच. आश्रयस्थानात ही साखळी कधी तुटतच नाही. पशुवैद्यक याला दुजोरा देते, मात्र नवे पक्षी काही आठवडे वेगळे ठेवणे, मानमोडीवरच्या लासोटासारख्या लसी वेळच्या वेळी देणे आणि संख्या बांधून ठेवणे याने धोका बराच कमी होतो, असेही सांगते.

चौथी बाजू फार कोणी मांडत नाही, पण जिल्ह्यात ती सगळ्यांत जवळची आहे. नंदुरबार म्हटले की राज्याला कुपोषण आठवते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या अंगणवाडीत मुलांना अंडे दिले जाते. त्या ताटातले अंडे नवापूरच्या कोंबडीचेही असू शकते. जिथे अंडे हा आधार आहे तिथे अंडी देऊन थकलेल्या कोंबडीला दाणा घालत बसणे पाड्यावरच्या माणसाला विचित्र वाटेल, आणि त्याला निर्दय म्हणणे चुकीचे ठरेल. इंग्लंडचा परसबागेचा नमुना इथे आणला तर काय होईल? अक्कलकुव्याकडच्या मोलगीच्या एखाद्या घराला चार लेअर दिल्या तर त्या घरची बाई त्यांना नीट सांभाळेल, मोकळ्या सोडेल, अंडी घेईल आणि पाहुणा आला की एक कापेल. संस्थेच्या दृष्टीने तो वचनभंग. त्या घराच्या दृष्टीने कोंबडीचा पिंजऱ्यापेक्षा बरा गेलेला जन्म. दोन्ही बाजू प्रामाणिक असूनही करार होऊ शकत नाही.

एक किलोमीटर

‘आजीवन’ या वचनाला खरी धडक बसते ती साथीच्या दिवशी. बर्ड फ्लूच्या राष्ट्रीय कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून साधारण एक किलोमीटरच्या आतले सगळे कुक्कुट पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत राहते. २००६ मध्ये हा परीघ मोठा होता. पक्षी निरोगी आहे का, कोणाचा आहे, कशासाठी पाळला आहे, हे विचारले जात नाही. २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने अधिकाऱ्याला तसा अधिकार दिला आहे. एच५एन१ वर लसीकरण करण्याचे धोरण भारताने स्वीकारलेले नाही. भोपाळच्या संस्थेने तयार केलेली लस आहे ती सौम्य अशा एच९एन२ प्रकारावरची.

म्हणजे नवापूरच्या पट्ट्यात आश्रयस्थान काढले आणि पलीकडच्या शेडमध्ये साथ निघाली, तर पाच वर्षे नावाने हाक मारलेल्या कोंबड्याही त्याच खड्ड्यात जातील. नवापूरच्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावरूनच राज्याची हद्द जाते, त्यामुळे दहा किलोमीटरचे पाळतक्षेत्र दोन राज्यांच्या दोन पशुसंवर्धन खात्यांत विभागले जाईल, हा आणखी एक ताप.

साथीच्या वेळी ‘हे खाण्यासाठीचे पक्षी नाहीत’ ही सबब चालावी का, यावर जगात अलीकडेच मोठी झुंज झाली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका फार्मवर ३१ डिसेंबर २०२४ रोजी शहामृग मारण्याचा आदेश निघाला. उरलेले तीनशेहून अधिक पक्षी साथीतून बरे झाले आहेत, असे मालकांचे म्हणणे होते. दहा महिने खटले चालले. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला आणि लगोलग शहामृग गोळ्या घालून मारले गेले. मालकांच्या बाजूने लोक पुष्कळ होते. न्यायालयांनी रोगनियंत्रण यंत्रणेचा अधिकार उचलून धरला.

सार्वजनिक आरोग्यवाल्यांची भूमिका त्यामानाने ठाम आहे आणि ती समजण्याजोगी आहे. २०२१ मध्ये हरियाणाच्या अकरा वर्षांच्या मुलाचा दिल्लीत एच५एन१ ने मृत्यू झाला, तो देशातला या विषाणूचा पहिला मानवी बळी. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. बचाव केंद्र हीच जागा साथीची बळी ठरू शकते, हे आपल्याच राज्यात घडले आहे. एका आवारात कोंबड्या, बदके, जखमी बगळे आणि मांजरी अशी सरमिसळ करणाऱ्या हौशी निवाऱ्यांना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

रानपक्ष्यांचे वेगळे

रानपक्ष्यांबाबत वाद कमी आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली ते संरक्षित आहेत, वन खात्याच्या परवानगीशिवाय कोणालाही ठेवता येत नाहीत आणि उपचारांचा हेतू पुन्हा सोडणे हाच असतो. संक्रांतीत मांजाने पंख कापलेली घार, पंख छाटून विकलेला पोपट यांच्यासारख्या, पुन्हा उडूच न शकणाऱ्या पक्ष्यांपुरता आजीवन आश्रयाचा प्रश्न उरतो आणि तो मान्यताप्राप्त केंद्रांत सुटावा अशी व्यवस्था आहे. ज्या जिल्ह्यातल्या शहाद्याजवळच्या जंगलात २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रानपिंगळा शतकाहून अधिक काळानंतर पुन्हा सापडला, त्या जिल्ह्याला पक्ष्यांचे मोल सांगायला नको. पण रानपिंगळ्याला पाहिजे ते जंगल, निवारा नव्हे. कोंबडीला परत जायला जंगल नाही, तिचा प्रश्न म्हणूनच अवघड.

न सुटलेले

खर्चाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. लेअर कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, वर्षाला चाळीस किलो. खाद्याचा भाव किलोला तीस रुपये धरला तर कोंबडीमागे वर्षाला बाराशे. शंभर कोंबड्यांचे एक लाख वीस हजार, त्यात माणसाचा पगार, लस, औषध, जाळी, पाणी आणि मुंगूस-कुत्र्यांपासून राखण धरलेली नाही. नवापूरसारख्या ठिकाणी एकाच मोठ्या शेडमधून एका वेळी हजारोंनी पक्षी उतरतात. शंभर निवडायच्या कशा? धडधाकट घ्यायच्या की सर्वांत खंगलेल्या? यावर लिहिलेले नियम फारसे कुठे नाहीत.

दयामरणावर तर सरळ दोन तट आहेत. पोटात बलक सडलेली कोंबडी दोन-तीन आठवडे कुढत मरते. पशुवैद्य म्हणतो, इंजेक्शन देऊन मोकळी करा. पांजरपोळाची परंपरा म्हणते, मृत्यू आणणे आपले काम नाही, वेदना कमी करा आणि शेवटपर्यंत बसा. वेदनाशामके वेळेवर आणि नेमाने दिली तर दुसरा मार्गही अमानुष नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी पक्ष्यांचा जाणकार डॉक्टर नेमाने येईल ही अपेक्षा ठेवून संस्था काढणे धाडसाचे आहे, आणि माझा कल या बाबतीत डॉक्टरकडे आहे.

संस्थापकाच्या पश्चात काय, हाही प्रश्न आहे. गाय विश्वस्तांच्या तीन पिढ्या सांभाळतात, कारण तिच्यामागे समाज आहे. कोंबड्यांचे आश्रयस्थान बहुधा एका-दोघांच्या जिवावर चालते. परदेशातही अशी कित्येक ठिकाणे मालक आजारी पडताच बंद झाली आणि उरलेल्या पक्ष्यांसाठी घरे शोधत फिरावे लागले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता आणि निवारा अनुदान घेता येते, पण ते बांधकामाला उपयोगी पडते, रोजच्या दाण्याला फारसे नाही.

आणि नोंदणी. पशुसंवर्धन खात्याच्या लेखी कोंबड्या दोन प्रकारच्या, व्यावसायिक आणि परसातल्या. आश्रयस्थानातली कोंबडी दोन्हींत बसत नाही. तिच्यासाठी तिसरा रकाना केला तर साथ येण्याआधीच अटी घालता येतील: शेडपासून अंतर किती, संख्या किती, नवे पक्षी किती दिवस वेगळे, लसीची वही कोणाकडे, आणि साथ आलीच तर बाधित नसलेल्या बंदिस्त कळपाला तपासणी करून वगळता येईल का. शेवटच्या मुद्द्यावर रोगतज्ज्ञांतही मतभेद आहेत. बाकीच्यांवर पोल्ट्रीवाले, पशुवैद्य आणि जीवदयेची मंडळी एका टेबलाशी बसली तर फार वाद होणार नाही. तशी बैठक जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात पावसाळ्याआधी ठेवता येईल, कारण हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरू लागले की त्या कार्यालयाला दुसरे काही सुचत नाही.